लेकीच्या पेशीतला बापाचा वारसा

२०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या १००० मुलग्यांमागे ८०७ मुली भरल्या. राज्यातल्या सगळ्या जिल्ह्यांत हा आकडा सर्वांत कमी होता. दहा वर्षांपूर्वी, २००१ मध्ये, तो ८९४ होता. कुणी हात लावला नाही तर जगात कुठंही साधारण १०० मुलींमागे १०५ मुलगे जन्मतात. म्हणजे हजार मुलग्यांमागे साडेनऊशेच्या आसपास मुली असायला हव्यात. बीडमध्ये हजारामागे दीडशेच्या जवळपास कमी पडल्या. एवढी तफावत आजारपणानं पडत नाही आणि योगायोगानं तर नाहीच.

या मुली का जन्मल्या नाहीत याची कारणं गावात कुणालाही विचारा, तोंडपाठ आहेत. हुंडा आहे, जमिनीची वाटणी आहे, म्हातारपणी कोण बघणार ही धास्ती आहे. या सगळ्यांवर पांघरूण घालायला एक मोठं कारण असतं: वंश चालला पाहिजे. मला या लेखात हा दावा शरीराच्या पातळीवर तपासायचा आहे. आई-बापाकडून लेकरात नेमकं काय जातं? किती जातं? कुणाच्या मार्फत जातं? जनुकशास्त्रानं गेल्या सव्वाशे वर्षांत या प्रश्नांची बरीच पक्की उत्तरं दिली आहेत. ती वाड्या-तांड्यांवर पोचली पाहिजेत असं मला मनापासून वाटतं, कारण ती न पोचल्याची किंमत इथल्या बायांनी अंगावर काढली आहे.

मुळापासून सुरुवात करू. आपल्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत ४६ गुणसूत्रं असतात, २३ आईकडून आलेली आणि २३ बापाकडून. त्यांच्यावर सुमारे २० हजार जनुकं आहेत. प्रत्येक जनुक म्हणजे शरीराला लागणारं एखादं प्रथिन कसं बनवायचं याची डीएनएच्या भाषेतली सूचना. डोळ्यांचा रंग, रक्तगट, रक्त गोठवणारे घटक, स्नायूंना बळ देणारी प्रथिनं, सगळ्यांच्या सूचना तिथं आहेत. २३ जोड्यांपैकी २२ जोड्या स्त्री-पुरुषांत सारख्याच. तेविसावी वेगळी. स्त्रीमध्ये दोन एक्स, पुरुषामध्ये एक एक्स आणि एक वाय. स्त्रीबीजात नेहमी एक्सच असतो, कारण तिच्याकडे दुसरं काही नाहीच. पुरुषाच्या शुक्राणूंपैकी साधारण निम्म्यांत एक्स आणि निम्म्यांत वाय असतो. कोट्यवधी शुक्राणूंपैकी जो स्त्रीबीजात शिरतो त्यानं एक्स आणला तर मुलगी, वाय आणला तर मुलगा. प्रश्न त्याच क्षणी निकाली निघतो.

म्हणजे लेकीवर लेकी झाल्या म्हणून ज्या बाईला सासरी टोमणे बसतात, तिच्या हातात हा निर्णय कधीच नव्हता. तसं पाहिलं तर नवऱ्याच्याही हातात नव्हता; त्याच्या शरीरातून आलेल्या शुक्राणूवर ठरलं एवढंच, त्यानं काही निवडलं नाही. पहिल्या चार मुली होण्याची शक्यता सोळात एक आहे. म्हणजे चार लेकरं असलेल्या दर सोळा घरांत सरासरी एक घर असं निघणारच. आणि पाचव्या वेळी? शक्यता पुन्हा निम्मीच. ‘आता तरी मुलगाच होणार’ असं लोक म्हणतात, पण शुक्राणूला आधीच्या बाळंतपणांची खबर नसते.

आपल्याकडे जुनी समजूत अशी की पुरुष बी आणि स्त्री शेत. ही समजूत खरी धरली तरी एक विसंगती उरतेच: बियाणं पुरुषाचं म्हणायचं आणि पीक मनासारखं आलं नाही की दोष जमिनीला द्यायचा! प्रत्यक्षात स्त्रीही बी देते. सस्तन प्राण्यांचं स्त्रीबीज कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर या शास्त्रज्ञानं १८२७ मध्ये पहिल्यांदा ओळखलं. लिंग गुणसूत्रावरून ठरतं हे त्यानंतर खूप उशिरा कळलं. अमेरिकेत नेटी स्टीव्हन्स या संशोधक बाई पिठातल्या किड्यांच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली तपासत होत्या. मादीच्या पेशीत २० मोठी गुणसूत्रं होती. नराच्या पेशीत १९ मोठी आणि एक अगदी लहान. १९०५ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. ते लहान गुणसूत्र म्हणजे वाय. एका बाईनं किड्यांच्या पेशी मोजून ज्या प्रश्नाचं उत्तर दिलं, त्याच प्रश्नावरून आजही बायकांना घराबाहेर काढलं जातं, ही गोष्ट मला फार लागते.

गर्भ राहिल्यावर ‘मुलगा होण्याचं औषध’ देणारे वैदू-बाबा या माहितीसमोर टिकत नाहीत. दिवस गेल्याचं कळून दीड महिना उलटल्यावर कुठलीही पुडी गुणसूत्र बदलू शकत नाही. हरियाणात अशा औषधांवर अभ्यास झाले, तेव्हा ती घेणाऱ्या बायांच्या बाळांत जन्मजात व्यंगांचं आणि मृत जन्माचं प्रमाण जास्त आढळलं. मुलगी असली तर ती मुलगीच राहते, फक्त तिला इजा होण्याचा धोका वाढतो. मुलगा असला तर त्यालाही.

आता वंशाचा हिशेब. बाप मुलाला वाय देतो आणि तो पिढ्यान् पिढ्या बापाकडून मुलाकडे जवळजवळ न बदलता जातो हे खरं आहे. पण वायवर आहे तरी काय? वाय गुणसूत्राचा सगळा मजकूर अखेर २०२३ मध्ये पूर्ण वाचून झाला. त्याची लांबी निघाली सुमारे ६ कोटी २० लाख अक्षरं, आणि प्रथिनं बनवणारी जनुकं १०६. त्यांतलीही बरीचशी एकाच जनुकाच्या पुन्हापुन्हा आलेल्या प्रती आहेत आणि बहुतेकांचं काम वृषण व शुक्राणू यांच्यापुरतं आहे. एक्सची लांबी १५ कोटी अक्षरांच्या वर आणि त्यावर आठशेच्या वर जनुकं. रक्त गोठणं, स्नायूंची घडण, रंग ओळखणं, मेंदूची वाढ अशी सगळ्या शरीराची कामं त्यांच्याकडे आहेत.

बाकीची २२ गुणसूत्रं बाप मुलगा-मुलगी दोघांना सारखीच देतो. फरक फक्त तेविसाव्याचा. मुलाला तो लहान वाय देतो, मुलीला मोठा एक्स. म्हणजे बापाकडून मुलीला मुलापेक्षा जास्त डीएनए मिळतो. अजून एक गोष्ट. इतर गुणसूत्रं पुढे देताना आजी आणि आजोबांकडून आलेल्या तुकड्यांची सरमिसळ होते. पण बापाकडे एक्स एकच, त्याला अदलाबदल करायला पूर्ण जोडीदार नाही. त्यामुळे बापाचा एक्स लेकीत अखंड उतरतो. एवढं मोठं गुणसूत्र बापाकडून जसंच्या तसं फक्त लेकीलाच मिळतं.

सात पिढ्यांचा वंश म्हणताना आपण आडनावाची एक ओळ डोळ्यांसमोर धरतो. सात पिढ्या मागे गेलं तर प्रत्येक माणसाचे १२८ पूर्वज होतात, ६४ पुरुष आणि ६४ स्त्रिया. ज्या पुरुषाचं आडनाव आपण लावतो तो त्या १२८ मधला एक. वाय सोडला तर त्याचा आपल्यातला सरासरी वाटा एका टक्क्याहून कमी. उरलेले १२७ जण आपल्या रक्तात तितक्याच हक्कानं बसलेले आहेत, आणि त्यांच्यातले बहुतेक आपल्यापर्यंत कुठल्या ना कुठल्या लेकीच्या मार्गानं आले आहेत. शिवाय पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाचा स्वतःचा छोटा डीएनए असतो, ३७ जनुकांचा. तो मुलगा असो की मुलगी, फक्त आईकडून येतो आणि पुढे फक्त लेकीच तो चालवतात. ज्या घरात मुलगेच झाले, त्या घरातल्या आईची ही ओळ तिथं थांबते. त्याचं दुःख कुणी करताना मी पाहिलेलं नाही.

वाय म्हणजे पुरुष, एवढंच सूत्र शिकून थांबलं तर ते अपुरं आहे. हे बीडला वेगळ्या तऱ्हेनं माहीत आहे. माजलगाव तालुक्यातल्या राजेगावचे ललित साळवे मुलगी म्हणून जन्मले, वाढले आणि महिला शिपाई म्हणून जिल्हा पोलिसांत भरती झाले. पुढं शरीरातले बदल जाणवू लागले, तपासण्या झाल्या आणि शरीरात वाय गुणसूत्र असल्याचं निघालं. २०१७ मध्ये त्यांनी शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली. ती नाकारली गेली. ते उच्च न्यायालयापर्यंत गेले, २०१८ मध्ये गृहखात्यानं परवानगी दिली आणि मे २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली. नंतर ते पुरुष शिपाई म्हणून सेवेत रुजू झाले. आपली कहाणी त्यांनी स्वतः, नावानिशी लोकांसमोर मांडली. हे धाडस किती मोठं आहे ते खेड्यातून आलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. त्यांचं नेमकं वैद्यकीय निदान हा त्यांचा खासगी विषय. पण असं होऊ कसं शकतं, हे आपण समजून घेऊ शकतो.

गर्भ सहा आठवड्यांचा होईपर्यंत मुलगा-मुलगी दोघांची जननेंद्रियं सारखीच असतात. दोन्ही वाटांचं प्राथमिक सामान प्रत्येक गर्भात तयार असतं. वायवर एसआरवाय नावाचं एक जनुक आहे. लंडनच्या संशोधकांनी ते १९९० मध्ये शोधलं. दुसऱ्याच वर्षी त्यांनी दोन एक्स असलेल्या उंदराच्या गर्भात हे एकच जनुक घातलं आणि तो उंदीर नर म्हणून वाढला. सातव्या आठवड्याच्या सुमारास हे जनुक जागं झालं की ग्रंथी वृषणाच्या दिशेनं घडू लागतात. वृषण टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक बनवतं आणि त्या संप्रेरकाच्या हुकमानं पुढचं शरीर आकार घेतं. पण हुकूम ऐकायलाही कुणीतरी लागतं. पेशीतला जो ग्राहक टेस्टोस्टेरॉनला प्रतिसाद देतो त्याचं जनुक एक्सवर आहे. म्हणजे प्रत्येक मुलाला ते आईकडूनच येतं. बापानं दिलेला वाय पुरुषपणाची सुरुवात करून देतो. ते पूर्णत्वाला जातं आईच्या एक्सवरच्या जनुकामुळे. या साखळीतली एखादी कडी वेगळी निघाली, एसआरवाय काम करत नसलं, ग्राहक बहिरा असला, संप्रेरकाचं रूपांतर करणारं विकर कमी असलं, तर वाय असूनही बाळ मुलीसारखं दिसू शकतं. कधी हे वयात येताना उघडं पडतं, कधी पाळी येत नाही म्हणून तपासल्यावर. यात पाप-शाप काही नाही. शरीराच्या घडणीचा हा एक मार्ग आहे, आणि अशा लेकराला सगळ्यात आधी घरच्यांची साथ लागते.

एक्सवर एवढी महत्त्वाची जनुकं असल्यामुळे रोगांच्या वाटाही विचित्र होतात. हिमोफिलियाचं उदाहरण घ्या. रक्त गोठवणाऱ्या एका घटकाचं जनुक एक्सवर आहे. ते सदोष असलं तर स्त्रीला सहसा फारसा त्रास होत नाही, कारण तिच्याकडे दुसरा एक्स आहे. मुलाकडे एकच एक्स. तोच सदोष आला तर गुडघ्यात, घोट्यात रक्त साचतं, दात पडला तरी रक्त थांबत नाही. साधारण पाच हजार मुलग्यांमागे एकाला हिमोफिलिया ए असतो. आई वाहक असेल तर तिच्या प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता निम्मी आणि प्रत्येक मुलगी वाहक होण्याची शक्यताही निम्मी. उलट बापाला हिमोफिलिया असेल तर त्याच्या एकाही मुलाला तो त्याच्याकडून येत नाही, पण सगळ्या मुली वाहक होतात आणि नातवात आजार पुन्हा डोकं वर काढतो. आजोबांकडून लेकीमार्फत नातवाकडे, असा हा प्रवास. रंगांधळेपणा असाच जातो. चालता चालता मुलांचे स्नायू निकामी करणारा डुशेन हा आजारही एक्सवरचाच.

इथं मला प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे: हे आजार आईमार्फत येऊ शकतात, हे खरं आहे. ‘तुझ्या माहेरचा रोग’ म्हणणाऱ्यांच्या हाती हे वाक्य आयतं पडतं. पण वाहक असणं हा अपराध नाही; कुणी आपली जनुकं निवडून जन्माला येत नाही. हिमोफिलियाच्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या घरात आधी कुणालाच तो नसतो, बदल नव्यानंच झालेला असतो. आणि जनुकांतले नवे बदल वडिलांच्या शुक्राणूंतून जास्त येतात, हेही तितकंच सिद्ध झालेलं आहे.

गर्भाचं लिंग जन्माआधी ओळखण्याचं तंत्र याच आजारासाठी वापरात आलं, ही या विषयातली सर्वांत दुःखद बाब. १९६० मध्ये कोपनहेगनच्या डॉक्टरांनी गर्भजलातल्या पेशी तपासून हिमोफिलियाच्या वाहक स्त्रीचा गर्भ मुलाचा की मुलीचा हे सांगितलं. तेव्हा आजार थेट ओळखता येत नव्हता, लिंग तेवढं कळत होतं. म्हणजे मुळात हे तंत्र मुलग्यांना होणाऱ्या आजारासाठी होतं. १९७० च्या दशकात गर्भजल परीक्षा भारतात आली आणि थोड्याच वर्षांत मुंबईतल्या खासगी दवाखान्यांत ती मुलगी शोधायला वापरली जाऊ लागली. महाराष्ट्रातल्या स्त्री संघटनांनी लढा दिला आणि १९८८ मध्ये महाराष्ट्रानं या गैरवापराला आळा घालणारा कायदा करणारं देशातलं पहिलं राज्य होण्याचा मान मिळवला. केंद्राचा कायदा १९९४ चा. तोवर सोनोग्राफी यंत्रं तालुक्याच्या गावांत पोचली. ‘मासूम’ व ‘सेहत’ या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज यांनी २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली, २००३ मध्ये कायदा आणखी कडक झाला. तरी २००१ ते २०११ याच काळात बीडचा आकडा ८९४ वरून ८०७ वर घसरला. मे २०१२ मध्ये परळीच्या एका खासगी दवाखान्यात चार मुलींच्या आईचा गर्भपातादरम्यान मृत्यू झाला. त्या प्रकरणात फेब्रुवारी २०१९ मध्ये बीडच्या न्यायालयानं डॉक्टर पती-पत्नीला दहा वर्षांची शिक्षा सुनावली. त्या बाईनं चार मुलींना जन्म दिला होता. चारही वेळा लिंग शुक्राणूनं ठरवलं होतं.

कायद्यानं गर्भाच्या तपासण्या बंद केलेल्या नाहीत, हेही लोकांना नीट सांगायला हवं. गुणसूत्रांतले दोष, थॅलेसेमिया-सिकलसेलसारखे रक्ताचे आजार, चयापचयाचे आनुवंशिक आजार, लिंगाशी जोडलेले आजार आणि जन्मजात व्यंगं यांच्यासाठी तपासणीला मुभा आहे. आईचं वय ३५ च्या वर असेल, आधी दोन किंवा जास्त वेळा गर्भपात झाला असेल, घरात आनुवंशिक आजाराचा इतिहास असेल तर ती करता येते. बंदी आहे ती लिंग सांगण्यावर आणि लिंग निवडण्यावर. धाकानं गरजेची तपासणीही टाळणारी कुटुंबं असतात आणि त्यांच्या लेकरांचं नुकसान होतं.

मराठवाड्यात आनुवंशिक आजारांचा विचार करताना नात्यातली लग्नं बाजूला ठेवता येत नाहीत. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात भारतातल्या नातेसंबंधांची मांडणी केली, तेव्हा महाराष्ट्रात मामाच्या मुलीशी लग्नाला पसंती असल्याचं नोंदवलं होतं. कर्नाटक-तेलंगणच्या बाजूला सरकलं की मामा-भाचीची लग्नंही दिसतात. आपल्या प्रत्येकाच्या अंगात काही सदोष जनुकं दडलेली असतात. जोडीतलं दुसरं जनुक धड असलं की त्रास होत नाही. आतेभाऊ-मामेबहीण यांची सरासरी एक अष्टमांश जनुकं एकाच आजी-आजोबांकडून आलेली असतात, मामा-भाचीची एक चतुर्थांश. म्हणून एकच सदोष जनुक दोघांकडे असण्याची आणि लेकरात दोन्ही बाजूंनी एकत्र येण्याची शक्यता वाढते. जन्मजात बहिरेपणा, थॅलेसेमिया, काही चयापचयाचे आजार असे येतात. घाबरवून सोडण्याचा माझा हेतू नाही. कुठल्याही जोडप्याच्या बाळात गंभीर जन्मजात दोषाची शक्यता दोन ते तीन टक्के असते; सख्ख्या मामे-आते भावंडांच्या लग्नात ती साधारण दुप्पट होते. म्हणजे बहुसंख्य मुलं निरोगीच जन्मतात. पण पिढ्यान् पिढ्या त्याच दोन घरांत सोयरीक होत राहिली, किंवा घरात एक लेकरू आधीच बाधित असलं, तर हा हिशेब पार बदलतो.

याच प्रकारच्या वारशाचं एक उदाहरण आपल्या मुंबईच्या नावानं जगभर ओळखलं जातं. १९५२ मध्ये डॉ. य. मो. भेंडे आणि सहकाऱ्यांनी एका अनोख्या रक्तगटाची नोंद केली, तो ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’. ए आणि बी हे रक्तगट ज्या पायावर उभे राहतात तो एच नावाचा घटकच या लोकांच्या रक्तात नसतो. त्यामुळे साध्या चाचणीत त्यांचा गट ओ निघतो, पण ओ गटाचं रक्त दिलं तर जिवावर बेततं. आई-बाप दोघांकडून एकेक सदोष प्रत आली तरच असा गट होतो, आणि नात्यातल्या लग्नांत तो जास्त सापडतो. आता कल्पना करा: बापाचा गट एबी आणि लेकराचा ओ. शाळेत शिकलेल्या नियमानं हे अशक्य. अशा वेळी संशय कुणावर घेतला जाईल ते सांगायला नको. विज्ञानाचं अर्धवट ज्ञान असलेला माणूसही बाईवर अन्याय करू शकतो. पूर्ण चाचणी झाली की तिचं निर्दोषत्व सिद्ध होतं.

जनुकं मिळाली म्हणजे सगळं ठरलं असं नाही. ती कशी वाचली जातात हे गर्भाशयातल्या दिवसांवर अवलंबून असतं, आणि बीडमध्ये त्या दिवसांचा विचार कोयत्याशिवाय होत नाही. दसरा-दिवाळीनंतर जिल्ह्यातून लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. उचल नवरा-बायको मिळून एका कोयत्यावर घेतलेली असते. सहा-सात महिन्यांची गरोदर बाई कोपीतून पहाटे उठते, मोळी डोक्यावर घेऊन गाडीची फळी चढते, कारण खाडा झाला की पैसे कापले जातात. २०१९ मध्ये सरकारनं जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. लवकर लग्न, लवकर बाळंतपणं आणि हे काम यांचा तो हिशेब आहे.

आईच्या पोषणाचा लेकरावर होणारा परिणाम पुण्याच्या केईएम रुग्णालयानं मोजून दाखवला आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांचा आणि त्यांच्या मुलांचा मागोवा घेतला. त्या बाळांचं सरासरी वजन होतं २.७ किलो, इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधल्या बाळांचं ३.५ किलो. पण आपल्या बाळांत कमी होते ते मुख्यतः स्नायू. चरबी मात्र त्या मानानं टिकून होती. वरून बारीक दिसणारं, आतून चरबी राखणारं असं हे बाळ पुढं मधुमेहाच्या वाटेवर लवकर जातं. गरोदरपणी आईला बी-१२ कमी आणि फोलेट जास्त असेल, तर सहाव्या वर्षी मुलांमध्ये इन्सुलिनला दाद न देण्याची लक्षणं जास्त दिसली. जनुकं तीच, पण आईच्या ताटानं त्यांचा कल वळवला.

हा परिणाम दोन पिढ्यांवर पोचतो. मुलीच्या अंडाशयातली सगळी स्त्रीबीजं ती आईच्या पोटात असतानाच तयार होतात. तुम्ही ज्या स्त्रीबीजापासून झालात ते तुमची आई आजीच्या पोटात होती तेव्हाच बनलेलं होतं. आजीनं त्या दिवसांत काय खाल्लं, किती ओझं उचललं, याचा माग तुमच्यापर्यंत येऊ शकतो. वंशाची काळजी असलेल्या घरानं मुलग्याच्या आधी पोरींच्या ताटाकडे बघायला हवं, असं मला ठामपणे वाटतं.

२०२३ पासून जातीच्या दाखल्यांसाठी मराठवाड्यात घरोघरी वंशावळी काढल्या गेल्या. खापरपणजोबा, पणजोबा, आजोबा, बाप, मुलगा. लेकी त्यात क्वचितच. जनुकतज्ज्ञ डॉक्टरही वंशावळ काढतो, पण त्याच्या कागदावर पुरुष चौकोन असतो, स्त्री वर्तुळ, आजारी माणूस रंगवलेला, आणि नात्यातल्या लग्नाला दुहेरी रेघ. आत्या, मावशी, लग्न होऊन गेलेल्या बहिणी, त्यांची लेकरं, लहानपणी गेलेली भावंडं, सगळ्यांना त्यात जागा असते. एक वर्तुळ वगळलं तर हिमोफिलियाचा माग हरवतो.

तेव्हा वाचकांना एवढंच सांगणं आहे. घरात कमी वयात पांढरे पडलेले, रक्त न थांबणारे, न ऐकू येणारे, चालता चालता पडणारे, पुन्हापुन्हा दगावलेले कुणी होते का, हे दोन्हीकडच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि लिहून ठेवा. लेकींच्या सासरी गेलेल्या शाखा सोडू नका. लग्न ठरवताना थॅलेसेमियाची रक्ततपासणी दोघांची करा, नात्यातलं स्थळ असेल तर नक्कीच. दिवस गेले की हा कागद आशाताईंना आणि डॉक्टरांना दाखवा. अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांच्यापासून लेकराचं काही लपवू नका. अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयापासून मुंबईत परळच्या केईएम आवारातल्या राष्ट्रीय रक्तविज्ञान संस्थेपर्यंत पुढच्या तपासणीच्या वाटा आहेत. त्या विचारून घ्या. आणि ज्या बाईला मुलीच झाल्या तिला यापुढे कुणी बोल लावला, तर तिथल्या तिथे त्याला थांबवा.